आरएनएची घडी: बडोद्याहून वारंवार येणारे प्रश्न

दांडिया बाजारात मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. व्हॉट्सॲपवर प्रश्न येतात ते मुलांचे, त्यांच्या आयांचे, औषधाच्या दुकानात बसणाऱ्या एका काकांचे. अर्धं वाक्य मराठीत, अर्धं गुजरातीत, आणि रात्री साडेदहानंतर. तेच प्रश्न फिरून फिरून यायला लागले म्हणून हे पान केलं. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एकदा दळलेलं पुन्हा दळायला नको.

१. आरएनए म्हणजे डीएनएची झेरॉक्सच ना? मग त्याच्या आकाराचं एवढं काय?

झेरॉक्स हे वर्णन एकाच जातीला लागू पडतं: संदेशवाहक आरएनएला, म्हणजे एम-आरएनएला. पण पेशीतल्या एकूण आरएनएमध्ये एम-आरएनएचा वाटा जेमतेम काही टक्के असतो. जवळपास ८० टक्के आरएनए रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात असतो, आणि उरलेल्यातला मोठा भाग टी-आरएनएचा, जो प्रथिनाचे मणी म्हणजे अमिनो आम्लं तिथे आणून देतो. या दोघांमधली अक्षरं, म्हणजे साखळीतले ए, यू, जी, सी हे घटक, वाचून कोणी प्रथिन बनवत नाही. ते काम करतात ते आपल्या आकाराच्या जोरावर, जशी किल्ली दातांच्या जोरावर करते. आणि एम-आरएनएसुद्धा वाटतो तितका सरळ नसतोच. किती प्रथिन बनायचं, कधी थांबायचं, यातलं बरंचसं त्याच्या घड्यांवर ठरतं. सुरुवातीच्या काही वर्षांत मीही फळ्यावर आरएनए म्हणून एक वळवळीत रेघ काढून मोकळी व्हायचे. त्या बॅचच्या मुलांची आता माफी मागते.

२. ‘घडी पडते’ म्हणजे नेमकं काय होतं?

कागदाची एक लांब पट्टी घ्या आणि तिच्यावर बारा अक्षरं सलग लिहा: जी जी जी सी ए ए ए ए जी सी सी सी. आरएनएमध्ये ‘ए’ची जोडी ‘यू’शी जमते आणि ‘जी’ची ‘सी’शी. आता पट्टी मधोमध वाकवा. पहिला जी बाराव्या सीसमोर येतो, दुसरा अकराव्यासमोर, तिसरा दहाव्यासमोर, आणि चौथा सी नवव्या जीसमोर. चार जोड्या जमल्या, मधले चार ए मोकळे राहिले. जोड्यांचा दांडा आणि टोकाला फास, असा जो आकार झाला त्याला हेअरपिन म्हणतात. आजीच्या अंबाड्यातला आकडाच तो.

जी-सी जोडीत तीन हायड्रोजन बंध असतात, ए-यू जोडीत दोन. जी आणि यू यांचंही जमतं, पण जरा सैल. घडीला मोठा टेकू मात्र आणखी एका गोष्टीचा असतो: जमलेल्या जोड्या भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक बसतात आणि त्या रचण्यातूनच दांडा भक्कम होतो. म्हणून एकटीदुकटी जोडी टिकत नाही, चार-पाच सलग हव्यात.

खऱ्या आरएनएमध्ये असे अनेक दांडे असतात. कुठे मध्येच एखादं अक्षर बिनजोडीचं राहून फुगवटा येतो, कुठे तीन-चार दांडे एका तिठ्यावर भेटतात. गंमत अशी की प्रथिनं किंवा औषधं येऊन चिकटतात ती बरेचदा या फुगवट्यांना आणि फासांनाच.

३. डीएनएची अक्षरंही जवळजवळ तीच. मग तो का नाही असा दुमडत?

कारण डीएनएला जोडीदार शोधायला बाहेर पडावं लागत नाही. त्याचा दुसरा धागा कायम शेजारी असतो. आरएनए बहुतेकदा एकटा जन्मतो, त्यामुळे त्याची अक्षरं आपल्याच अंगात जोडीदार शोधतात. एकेरी डीएनए मोकळा सोडला तर तोही दुमडतो, पण पेशीत ती वेळ क्वचित येते.

दुसरा फरक साखरेचा. आरएनएच्या रायबोज साखरेवर एक ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट जास्त असतो. तो घडीतल्या दूरच्या भागांना धरून ठेवायला मदत करतो, आणि तोच उलटून आपल्याच कण्यावर वार करून साखळी तोडूही शकतो. आरएनए नासका आहे तो या गटामुळे. दांड्यात घट्ट बसलेल्या भागाला हा वार करायला वाकता येत नाही, त्यामुळे घडीतला आरएनए मोकळ्या आरएनएपेक्षा सावकाश तुटतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न १४ मध्ये लागणार आहे.

४. वर्गात नऊवारीचं उदाहरण दिलं होतंत, ते लिहून द्याल का?

देते. नऊ वार कापड, एक टाका नाही, तरी नेसल्यावर पायघोळही होतं आणि चालायला मोकळंही. कापड पसरलेलं असतं तेव्हा ती अक्षरांची माळ. निऱ्या घातल्या की प्रश्न २ मधले दांडे आणि फास झाले. जवळजवळच्या भागांची घडी, हिला दुय्यम रचना म्हणतात. मग पुढचा पदर पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचला, की कापडाची दोन लांबची टोकं एकमेकांना येऊन भिडतात. त्याशिवाय नऊवारी नऊवारी होत नाही. आरएनएतही दूरचे भाग असेच एकमेकांत खोचले जातात आणि त्रिमितीय रचना तयार होते.

खोचण्याचा एक प्रकार म्हणजे स्यूडोनॉट, मराठीत फसवी गाठ म्हणूया. यात हेअरपिनच्या फासातली मोकळी अक्षरं दांड्याबाहेरच्या दूरच्या अक्षरांशी जोडी जमवतात. ओढलं तर सुटते, म्हणून फसवी. पण तेवढ्यापुरती चांगलीच आवळून बसते.

एक अडचण उरते. आरएनएच्या कण्यावर ठिकठिकाणी ऋण भार असतो आणि असे भार एकमेकांना ढकलतात. दाट घडी पडायची तर कोणीतरी तो भार झाकायला हवा. ते काम मुख्यतः मॅग्नेशियमचे आयन करतात. परीक्षानळीतून मॅग्नेशियम काढून घेतलं की मोठ्या आरएनएचा कासोटा सुटतो, निऱ्या मात्र बऱ्याचशा राहतात.

उदाहरण कुठे तुटतं तेही सांगते: साडी कोणीतरी नेसवतं.

५. मग आरएनएला घडी कोण घालतं?

लहान हेअरपिन कोणाच्याही मदतीशिवाय सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपास पडतात. मोठ्या आरएनएला सेकंद लागतात, कधी मिनिटं. आणि पेशी पूर्ण साखळी तयार व्हायची वाटही बघत नाही. जिवाणूंमध्ये आरएनए बनतो तो सेकंदाला साधारण ४०-५० अक्षरांच्या वेगाने, आणि पुढचा भाग बाहेर पडताच दुमडायला लागतो. मागचा भाग तेव्हा जन्मलेलाही नसतो. पंगत पूर्ण बसायच्या आधीच पहिल्या पानावर वाढप सुरू व्हावं तसं. त्यामुळे आरएनए कोणत्या वेगाने बनला, मध्ये कुठे थबकला, यावरही शेवटची घडी अवलंबून राहते.

यात चुका होतात. एकदा जमलेला चुकीचा दांडा सहज सुटत नाही. काही मोठे आरएनए परीक्षानळीत चुकीच्या घडीत तासन्‌तास अडकून बसतात. पेशीत हेलिकेज नावाची प्रथिनं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून असे दांडे उकलतात आणि आरएनएला दुसरी संधी देतात. बरोबर घडी कोणती हे त्या हेलिकेजना ठाऊक नसतं. गुंता दिसला की सोडवायचा, इतकंच त्यांचं काम.

६. एका आरएनएची एकच घडी ठरलेली असते का?

नाही, आणि मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात रसाळ गोष्ट हीच. एकाच अक्षरमाळेच्या दोन घड्या शक्य असतात, आणि कुठली पडते यावर जनुक चालू की बंद ते ठरतं.

२००२ मध्ये जिवाणूंमध्ये रायबोस्विच सापडले. थायमिनचं, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचं उदाहरण घ्या. थायमिन बनवणाऱ्या जनुकांच्या एम-आरएनएच्या सुरुवातीला एक तुकडा असतो. त्याची घडी अशी पडते की मध्ये एक खोबण तयार होते आणि तिच्यात थायमिनचं पेशीतलं वापरातलं रूप नेमकं बसतं. ते बसलं की घडी पक्की होते, आणि पुढे रायबोसोमला बसायची जागा झाकली जाते किंवा आरएनए बनणंच तिथे थांबतं. पेशीत थायमिन कमी झालं की खोबण रिकामी, घडी दुसरी, आणि कारखाना सुरू. डब्यात पीठ असेल तर गिरणीत कशाला जा, एवढाच व्यवहार, आणि तो सांभाळायला एकही प्रथिन लागत नाही. थायमिनचा हाच रायबोस्विच बुरशी आणि वनस्पतींमध्येही आहे.

७. टी-आरएनए एका चित्रात तीन पानांचा दिसतो, दुसऱ्यात उलट्या एलसारखा. परीक्षेत कोणता काढू?

दोन्ही बरोबर आहेत. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातही दोन्हींचा उल्लेख आहे. तीन पानांची आकृती ही सपाट कागदावर मांडलेली दुय्यम रचना. पुस्तकं तिला क्लोव्हर म्हणतात, आपण बेलाचं पान म्हणू, तेही त्रिदळच. प्रत्यक्षात ही दळं एकमेकांवर वाकून उलटा एल तयार होतो. ‘रचना काढा’ म्हटलं तर बेलपान काढा आणि खाली ‘त्रिमितीत उलट्या एलसारखी’ असं एक वाक्य लिहा.

हा आकार हौसेखातर नाही. एलच्या एका टोकाला अमिनो आम्ल असतं, दुसऱ्या टोकाला एम-आरएनए वाचणारी तीन अक्षरं, आणि दोन टोकांमध्ये अंतर साधारण ७ नॅनोमीटर. रायबोसोममध्ये संदेश वाचला जातो ती जागा आणि प्रथिन जोडलं जातं ती जागा यांच्यातही तेवढंच अंतर आहे. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टमधल्या ॲलनिन टी-आरएनएची ७७ अक्षरं लावली आणि बेलपान पुढे आलं. १९६८ च्या नोबेलमध्ये त्यांच्याबरोबर हरगोविंद खोराना आणि मार्शल निरेनबर्ग होते. एल दिसायला मात्र १९७३ उजाडलं.

८. व्हेंकी रामकृष्णन आपल्या बडोद्याचे. त्यांचं काम याच विषयातलं का?

हो. जन्म तमिळनाडूतल्या चिदंबरमचा, १९५२ चा, पण तीन वर्षांचे असल्यापासून ते बडोद्यात वाढले. वडील इथे विद्यापीठाच्या बायोकेमिस्ट्री विभागाचे प्रमुख होते. व्हेंकींनी १९७१ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदवी घेतली ती भौतिकशास्त्रात, पीएचडीही अमेरिकेत भौतिकशास्त्रातच केली, आणि मग जीवशास्त्राकडे वळले. ‘बी ग्रुप (जीवशास्त्राचा) घेतला नाही तर दारं बंद’ म्हणणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून ऐकवते.

जिवाणूच्या रायबोसोमचे दोन भाग असतात. त्यातल्या लहान भागाची अणूंपर्यंतची रचना त्यांच्या गटाने २००० मध्ये उलगडली. तो रायबोसोम थर्मस थर्मोफिलस या उष्ण झऱ्यांतल्या जिवाणूचा होता. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि ॲडा योनाथ यांच्याबरोबर मिळालं. या लहान भागात सुमारे १५०० अक्षरांचा एक आरएनए असतो. त्यातली ठरावीक अक्षरं बाहेर डोकावून, एम-आरएनए आणि टी-आरएनए यांची जोडी नीट जमली की नाही, हे आकार चाचपून बघतात. म्हणजे तपासणीसही आरएनएच.

९. एन्झाइम म्हणजे प्रथिनच असतं, असं शिकलो. आरएनए एन्झाइम असू शकतो का?

असू शकतो. थॉमस चेक यांना १९८२ मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जिवात स्वतःला कापून पुन्हा सांधणारा आरएनए सापडला. सिडनी ऑल्टमन यांनी पाठोपाठ दाखवलं की टी-आरएनएची टोकं छाटणाऱ्या रायबोन्यूक्लिएज-पी मध्ये खरं काम करणारा भाग आरएनए आहे. दोघांना १९८९ चं नोबेल मिळालं. अशा आरएनएला रायबोझाइम म्हणतात.

सगळ्यात मोठा रायबोझाइम म्हणजे रायबोसोम. दोन अमिनो आम्लं जिथे जोडली जातात त्या जागेच्या जवळपास एकही प्रथिन नाही, सगळा आरएनए. आपल्या अंगातलं जवळजवळ प्रत्येक प्रथिन आरएनएच्या एका घडीत तयार झालंय. प्रथिनांच्या आधी आरएनएवरच चालणारी जीवसृष्टी असावी, या कल्पनेचा हा मोठा आधार.

१०. मायक्रोआरएनए फक्त २२ अक्षरांचा. त्याला कसला आकार?

त्याला नसेना, त्याच्या आईला असतो. जनुकांना लगाम घालणारा हा मायक्रोआरएनए लांब आरएनएमधल्या हेअरपिनमधून कापून काढला जातो, आणि कापणारी ड्रोशा आणि डायसर ही एन्झाइमं अक्षरांपेक्षा हेअरपिनचा आकार आणि दांड्याची लांबी पाहतात. दांडा बिघडला तर मायक्रोआरएनए तयारच होत नाही. २०२४ चं वैद्यकाचं नोबेल याच शोधाला, व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना.

११. मेमध्ये बडोद्यात ४३ अंश होतात. तेव्हा शरीरातला आरएनए उलगडत नाही का?

नाही. बाहेर ४३ असले तरी घाम काढून शरीर आत ३७ च्या आसपास राहतं, आणि महत्त्वाच्या आरएनएचे दांडे त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला सुटतात. उष्ण झऱ्यांतल्या जिवाणूंच्या रायबोसोमी आरएनएमध्ये तर तीन बंधांच्या जी-सी जोड्यांचं प्रमाण जास्त असतं, म्हणून ते ७० अंशांनाही शाबूत.

पण काही आरएनए मुद्दाम तापमानाला सुटण्यासाठीच असतात. लिस्टेरिया हा जिवाणू दूषित अन्नातून पोटात जातो. त्याच्या रोगकारक जनुकांचं मुख्य बटण ज्या एम-आरएनएवर असतं, त्याची सुरुवात ३० अंशांना दुमडलेली असते आणि रायबोसोमची जागा झाकलेली. ३७ अंशांना ती घडी सैल पडते. म्हणजे आपण माणसाच्या पोटात पोचलो, हे जिवाणूला आरएनएच्या घडीवरून कळतं.

१२. ॲझिथ्रोमायसिनचा आणि आरएनएचा काही संबंध आहे का? (दुकानातल्या काकांचा प्रश्न)

काका, तुमच्या कपाटातलं अर्धं अँटिबायोटिकचं खण आरएनएवर काम करतं! ॲझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमच्या मोठ्या भागातल्या बोगद्यात, आरएनएच्या भिंतीला चिकटून बसतं आणि नव्या प्रथिनाची वाट अडवतं. जेंटामायसिन लहान भागात, प्रश्न ८ मधल्या तपासणीसाच्या जागी बसतं, मग चुकीच्या जोड्याही पास होतात. लिनेझोलिड, क्लोरॅम्फेनिकॉल हीसुद्धा रायबोसोमी आरएनएलाच धरतात. आपले रायबोसोम वाचतात कारण मोक्याच्या जागी आपली अक्षरं वेगळी आहेत. ॲझिथ्रोमायसिनच्या जागी जिवाणूंत ए असतो, आपल्याकडे जी. काही जिवाणू त्याच ‘ए’वर एक मिथाइल गट चढवतात आणि औषध निष्प्रभ होतं.

आता अपवाद. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचे रायबोसोम असतात, आणि ते जिवाणूंच्या वळणाचे. काही कुटुंबांत त्यांच्या आरएनएमध्ये १५५५ क्रमांकावर ए ऐवजी जी असतो. त्यामुळे एक जोडी जास्त जमते आणि ती जागा जिवाणूंसारखी दिसायला लागते. अशा माणसाला जेंटामायसिनच्या गटातलं औषध दिलं तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. हा बदल आईकडून मुलांना मिळतो. आईच्या बाजूला इंजेक्शननंतर बहिरेपण आल्याचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगायचा.

१३. कोरोनाच्या विषाणूतही घड्या आहेत का?

आहेत, भरपूर. त्याचा आरएनए सुमारे ३०,००० अक्षरांचा. त्यातली एक घडी सगळ्यात चलाख. संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो हे माहीत असेलच. विषाणूच्या आरएनएमध्ये एके ठिकाणी यू यू यू ए ए ए सी असा निसरडा भाग आहे आणि त्याच्या लगेच पुढे प्रश्न ४ मधली फसवी गाठ. रायबोसोम गाठीला अडखळतो, निसरड्यावरून कधी कधी एक अक्षर मागे घसरतो, आणि तिथून पुढे वाचन वेगळ्या त्रिकुटांत चालू राहतं. घसरला नाही तर थोड्याच अंतरावर थांब्याची खूण येते आणि काम संपतं. घसरला तरच विषाणूची नक्कल करणारं एन्झाइम बनतं. दोन्हींचं प्रमाण गाठीवर ठरतं, म्हणून ही गाठ औषधांचं लक्ष्य म्हणून अभ्यासली जाते.

डेंगी आणि झिका यांची आणखी वेगळी युक्ती: आरएनए कुरतडत येणारं आपलं एन्झाइम त्यांच्या एका कड्यासारख्या घडीपाशी येऊन अडतं. मागे उरलेला तुकडा मग आपल्या प्रतिकारशक्तीला गुंगारा द्यायच्या कामी येतो.

१४. मी कोव्हिशील्ड घेतली. त्यात आरएनए होता का? आणि एम-आरएनए लसीला एवढी थंडी का लागते?

कोव्हिशील्डमध्ये डीएनए होता, चिंपांझीच्या निरुपद्रवी केलेल्या ॲडेनोव्हायरसमध्ये भरलेला. त्यावरून एम-आरएनए तुमच्याच पेशींनी बनवला. कोव्हॅक्सिन म्हणजे मारलेला अख्खा विषाणू. एम-आरएनए लस भारतात बनली ती पुण्याच्या जेनोव्हाची, तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. ती कोरड्या पुडीच्या रूपात असल्यामुळे साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत राहते.

थंडीचं कारण प्रश्न ३ मध्ये आहे: पाण्यात आरएनए स्वतःलाच तोडतो. घड्या वाढवल्या तर टिकाऊपणा वाढतो, पण इथे तारेवरची कसरत असते. सुरुवातीलाच घट्ट दांडा असला तर रायबोसोमला चढता येत नाही. आणि लांबलचक दुहेरी आरएनए दिसला की पेशी विषाणू आला समजून बोंब ठोकते आणि प्रथिन बनवणंच आवरतं घेते. कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांनी आरएनएतल्या यूच्या जागी थोडं बदललेलं अक्षर घालून ती बोंब शांत केली. २०२३ चं नोबेल त्याला.

१५. अक्षरं माहीत असली की संगणक घडी सांगू शकत नाही का?

थोडीफार सांगतो. १०० अक्षरांच्या आरएनएला कागदावर शक्य असलेल्या घड्या १ वर २५ शून्यं यापेक्षाही जास्त. एकेक तपासत बसलो तर जन्म जाईल, म्हणून रूथ नुसिनोव यांनी १९७८ मध्ये आणि मायकेल झुकर यांनी १९८१ मध्ये लहान तुकड्यांची उत्तरं जोडत जाण्याच्या पद्धती काढल्या. आजही दुय्यम रचनेचे प्रोग्रॅम त्याच वाटेने जातात. छोट्या आरएनएला उत्तर बरं येतं. लांब आरएनए, फसव्या गाठी आणि पेशीतली प्रथिनं आली की भरवसा घटतो. प्रथिनांच्या बाबतीत अल्फाफोल्ड या रचना ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने जी झेप घेतली तशी आरएनएच्या बाबतीत अजून झालेली नाही. माहीत असलेल्या त्रिमितीय रचनाच फार थोड्या, शिकणार कशावरून?

सगळ्यात सुंदर पद्धत मात्र वेगळीच आहे. प्रश्न २ मधली पट्टी काढा. दुसऱ्या जीच्या जागी ए लिहा: जोडी तुटली. आता दुसऱ्या एखाद्या जिवात तिथे ए आहे आणि अकराव्या जागी सी ऐवजी यू आहे असं दिसलं, तर? अक्षरं दोन्ही बदलली, जोडी टिकली. उत्क्रांतीने ती जपली म्हणजे ती कामाची. अशा जुळ्या बदलांवरून कार्ल वूस आणि हॅरी नोलर यांच्या गटांनी १९८० च्या सुमारास रायबोसोमी आरएनएचा नकाशा मांडला. वीस वर्षांनी प्रश्न ८ मधली रचना आली तेव्हा त्यातल्या बहुतेक जोड्या बरोबर निघाल्या.

१६. उत्परिवर्तनाने अमिनो आम्ल बदललं नाही तर ते निरुपद्रवी, असं धरायचं ना?

बहुतेकदा हो, पण परीक्षेबाहेर सरसकट धरू नका. अमिनो आम्ल तेच राहिलं तरी अक्षर बदललंय, म्हणजे घडी बदलू शकते, आणि घडीबरोबर प्रथिनाचं प्रमाण. माणसातल्या सीओएमटी या जनुकात असे ‘मूक’ बदल एम-आरएनएचा दांडा घट्ट करतात आणि एन्झाइम कमी बनतं, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं.

कधी तर प्रथिनाची मुळी लांबूनही गाठ नसते. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारात एका जनुकाच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात सी-यू-जी हे त्रिकूट ५० पासून हजारो वेळा येतं. निरोगी माणसात ते ३५ पर्यंत असतं. एवढ्या लांब माळेचा प्रचंड हेअरपिन तयार होतो, आणि इतर आरएनए कापून जोडायला मदत करणारं एक प्रथिन त्याला चिकटून अडकून पडतं. मग भलत्याच जनुकांची कामं बिघडतात. प्रथिन धड, तरी आजार.

१७. माझ्या रिपोर्टमध्ये फेरिटिन खूप जास्त आलंय, पण लोह वाढलेलं नाही. याचाही आरएनएशी संबंध असू शकतो का?

असू शकतो, पण दुर्मीळ आहे, म्हणून आधी साधी कारणं. सूज, संसर्ग, यकृताचे विकार यांत फेरिटिन वाढतं, आणि ते तुमच्या डॉक्टरांनीच बघायचं.

फेरिटिन म्हणजे लोहाची कोठी. तिच्या एम-आरएनएच्या सुरुवातीला सुमारे ३० अक्षरांचा एक हेअरपिन असतो. लोह कमी असलं की एक प्रथिन येऊन त्याला धरतं, रायबोसोमची वाट अडते, कोठ्या बनत नाहीत. लोह भरपूर असलं की ते प्रथिन हेअरपिन सोडतं. काही कुटुंबांत याच हेअरपिनमधलं एखादं अक्षर बदललेलं असतं. प्रथिनाला आकार ओळखू येत नाही, ब्रेक लागत नाही आणि फेरिटिन सतत बनत राहतं. अंगात लोह मात्र नेहमीएवढंच. या लोकांना कमी वयात मोतीबिंदू होतो, आणि निम्म्या मुलांमध्ये हा बदल उतरण्याची शक्यता असते. धोका असा की नुसता आकडा पाहून कोणी अंगातलं लोह काढायला रक्त काढत राहिलं तर उगाच ॲनिमिया ओढवतो. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना फेरिटिनबरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनचा रिपोर्ट न्या, आणि घरात चाळिशीच्या आत मोतीबिंदूचं ऑपरेशन कोणाकोणाचं झालंय ते आजीला विचारून जा.